शाळेतलं मूल अचानक गेलं तर : मुख्याध्यापक, पालक आणि मित्रांचे प्रश्न

या अंकासाठी बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातून आलेली पत्रं एकाच विषयाभोवती आहेत : शाळकरी मुलाची आत्महत्या, आणि मागे राहिलेल्या मुलांना कसं सांभाळायचं. मानसोपचार आणि शालेय समुपदेशनातल्या जाणकारांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वाचताना कुणाला आत्ताच मदत हवीशी वाटली तर पुढचं राहू द्या आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या नववीतल्या एका मुलाने रविवारी रात्री आत्महत्या केली. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी माइकवरून बातमी सांगितली, दोन मिनिटं मौन पाळलं आणि शाळा सोडून दिली. आता आठवडा झाला. मुलं कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुजतात, शिक्षक विषय निघाला की पुस्तक उघडतात. आमचं काय चुकलं? आणि आता काय करायचं? — मुख्याध्यापक, खानापूर तालुका

मौन पाळण्यात काही वावगं नव्हतं. शाळा सोडायला नको होती. सकाळी मुलं घरी पोचली तेव्हा बहुतेकांचे आईवडील शेतावर नाहीतर कामावर. म्हणजे मोठं माणूस शेजारी हवं होतं नेमकं त्याच दिवशी मुलं बसस्टँडवर आणि कट्ट्यावर मोबाइल घेऊन एकमेकांतच राहिली. बातमीत जी भर पडायची ती तिथे पडते.

माइकचंही तसंच. साडेतीनशे मुलांच्या रांगेत कोण पांढरं पडलं, कोण हसलं, कोण मान खाली घालून उभं राहिलं, हे कुणालाच दिसत नाही. तेच वर्गात, ओळखीच्या शिक्षकाने चाळीस मुलांना सांगितलं की दिसतं. सांगण्याइतकंच ते बघणंही महत्त्वाचं असतं.

तुमच्याकडे आठवडा उलटला असला तरी वेळ गेलेली नाही. उद्याच पहिल्या तासाला वर्गावर्गात बोला. खाली जो क्रम देतो आहोत त्यातला निम्मा भाग आजही करता येईल.

पहिलं काम खात्रीचं. बातमी व्हॉट्सॲपवर आली म्हणून धरून चालू नका. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक, दोघांनीच घरी जावं, सगळा स्टाफ नको. तिथे ‘का केलं’, ‘कसं केलं’ हे विचारू नये. तीन गोष्टी विचाराव्यात : मुलांना काय सांगितलेलं चालेल, सख्खी-चुलत भावंडं कुठल्या शाळेत आहेत, आणि अंत्यविधी, रक्षाविसर्जन कधी आहे. भावंडांचं मुद्दाम विचारायचं, कारण आपल्याकडे एक भाऊ मराठी शाळेत, दुसरा कन्नड शाळेत, चुलत बहीण निपाणीला पीयूसीला (अकरावी-बारावीला), असं सर्रास असतं. त्या शाळांना त्याच सकाळी फोन गेला पाहिजे. तिथल्या शिक्षकाला काहीच माहीत नसतं आणि मूल चार दिवस वर्गात गप्प बसून राहतं.

घरच्यांनी ‘आत्महत्या हा शब्द वापरू नका’ असं सांगितलं तर तो मान ठेवायचा. पण खोटं कारण सांगायचं नाही. मुलांना आदल्या रात्रीच कळलेलं असतं; शाळा खोटं बोलली की पुढचं काहीच ती शाळेला सांगत नाहीत. तेव्हा असं म्हणता येतं : ‘तो वारला. कारणाबद्दल बोलायची घरच्यांची इच्छा नाही, ती आपण पाळू. पण गावात आत्महत्येची चर्चा आहे हे आम्हालाही माहीत आहे, आणि त्या विषयावर बोलायचं असेल तर इथे बोला.’

घंटेआधी वीस मिनिटं शिक्षकांची बैठक घ्या. त्यात शिपाई, आहार शिजवणाऱ्या बाई आणि व्हॅनचे चालक यांनाही बसवा. मुलं पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात. सगळ्यांच्या हाती एकच कागद द्यायचा, म्हणजे आठवीत एक आणि दहावीत दुसरं असं होत नाही. ज्या शिक्षकाला तो वाचून दाखवणं जमणार नाही त्याच्या जागी दुसरा पाठवा, त्यात कमीपणा नाही. कागदावर साधारण असा मजकूर असावा :

‘मुलांनो, एक वाईट बातमी आहे. आपल्या नववीतला अमुक काल वारला. त्याने आत्महत्या केली असं घरच्यांनी कळवलं आहे. कुठे, कशी, यावर आपण बोलणार नाही. तुमच्या मोबाइलवर काही आलं असेल तर पुढे पाठवू नका, मला दाखवा. आत्महत्या एका कारणाने होत नाही. माणसाला आतून इतका त्रास होत असतो की दुसरी वाट दिसेनाशी होते; त्या त्रासावर उपचार असतात, तो कमी होतो. आज कुणाला रडू येईल, कुणाला राग येईल, कुणाला काहीच वाटणार नाही. सगळं चालेल. ज्याला बोलायचं आहे त्याने वाचनालयात यावं, तिथे दिवसभर दोन टीचर बसल्या आहेत. आणि कुणाच्या मनात मरणाचे विचार येत असतील तर आजच मोठ्या माणसाला सांगा. मैत्रिणीला किंवा मित्राला येत असतील तरी सांगा.’

यात काय नाही तेही बघा. पद्धत नाही, चिठ्ठीत काय होतं ते नाही, ‘भ्याड’ नाही, ‘आता तो सुखात आहे’ हेही नाही. शेवटचं वाक्य मोठी माणसं दिलासा म्हणून बोलतात. पण जे मूल स्वतःच काठावर उभं आहे त्याला त्यात वाट दिसते. कारणाचा शोधही वर्गात नको. सर रागावले, मोबाइल काढून घेतला, प्रकरण होतं, मार्क कमी पडले, यातलं एक कारण पक्कं झालं की दोन गोष्टी होतात : कुणीतरी एक जण आयुष्यभराचा दोषी ठरतो, आणि तेवढंच दुःख असलेल्या दुसऱ्या मुलाला ‘हे कारण पुरेसं आहे’ असा निरोप जातो.

वाचनालयात किंवा जी खोली ठेवाल तिथे एकाच वेळी दोन मोठी माणसं हवीत, पाण्याचा घडा हवा आणि एक वही. कोण आलं, किती वाजता, परत वर्गात कोणाबरोबर गेलं, एवढंच वहीत लिहायचं. काय बोललं ते लिहायचं नाही. मूल एकटं बाहेर सोडायचं नाही. ‘बाथरूमला जाऊन येतो’ म्हटलं तरी कुणीतरी दारापर्यंत जावं.

मग यादी. सगळ्यात जास्त काम इथे आहे आणि शाळा नेमकी हीच करत नाही. तीन बाजूंनी नावं काढायची. एक, जवळची मुलं : बाकावरचा जोडीदार, संघातले, शेजारचे, शेवटचं भांडण ज्याच्याशी झालं तो, शेवटचा मेसेज ज्याला गेला ती, आणि ज्याने प्रत्यक्ष पाहिलं तो. दोन, जी मुलं त्याला फारशी ओळखत नव्हती पण स्वतःला त्याच्यासारखी समजतात : तीच परिस्थिती, तसंच घर, तशीच चिडवाचिडवी. तीन, आधीपासूनच नाजूक असलेली : पूर्वी प्रयत्न केलेली, अंगावर कापून घेणारी, वर्षभरात घरात मृत्यू झालेली, वडिलांच्या दारूने किंवा मारहाणीने गांजलेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीतली मुलं रडत नाहीत, म्हणून सुटतात. संध्याकाळी शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं पुन्हा बसा. प्रत्येकाने आज खटकलेली नावं सांगायची. जे नाव दोन तोंडांतून येतं त्याच्या घरी त्याच संध्याकाळी फोन करायचा.

ऑफिसातलं एक काम हमखास राहून जातं. हजेरीपटात नाव तसंच असतं आणि मंगळवारी बदली शिक्षक ते मोठ्याने पुकारतो. गैरहजेरीचा आपोआप जाणारा एसएमएस आईच्या मोबाइलवर जातो. फीची आठवण जाते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वडिलांचा नंबर असतो आणि त्यांच्यासमोर मुलांची कुजबुज चालू राहते. पहिल्याच दिवशी एका माणसाला हे काम नेमून द्या : हजेरी, एसएमएस, ग्रुप, एसएटीएसची (विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन यादीतली) नोंद, परीक्षेचे अर्ज. दप्तर किंवा वह्या शाळेत राहिल्या असतील तर आधी पोलिसांना विचारा, कारण अनैसर्गिक मृत्यूच्या तपासात त्या लागू शकतात. मग घरच्यांच्या हातात द्या. कुणी शिक्षकाने त्या चाळू नयेत.

बाक रातोरात हलवू नका, आणि महिनाभर हार घालून ठेवूही नका. रक्षाविसर्जन होऊन मुलं वर्गात स्थिरावली की चार-पाच दिवसांनी ‘आज आपण सगळ्यांच्याच जागा बदलतो आहोत’ असं सांगून पूर्ण वर्गाची रचना बदला.

श्रद्धांजलीबद्दल एकच कसोटी लावा. हेच मूल डेंग्यूने किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेलं असतं तर शाळेने काय केलं असतं? तेवढंच करा, कमी नाही आणि जास्त नाही. अंत्यविधीला मुलं आईवडिलांबरोबर जातील. शाळेच्या गाड्या काढून वर्गच्या वर्ग नेऊ नका. ढालीला नाव, भिंतीवर मोठा फोटो, स्टेजवर भाषणं हे सगळं टाळा.

समुपदेशक नसेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाकडे त्याच दिवशी लेखी मागणी करा. सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं असं सांगितलं आहे. वर्षातून दोनदा शिक्षकांचं प्रशिक्षण हेही त्यातच आहे. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत हा मुद्दा ठरावात घ्या, नुसत्या बोलण्याने फाइल हलत नाही.

प्रश्न : माझ्या वर्गातली एक मुलगी खूप बदलली आहे. वहीत मागच्या पानावर मरणाच्या ओळी लिहिते. तिला सरळ विचारावं का? विचारलं तर उलट डोक्यात भरेल अशी भीती सहकारी घालतात. — शिक्षिका, बेळगाव शहर

विचारा. थेट विचारल्याने विचार डोक्यात जातो याला संशोधनाचा आधार नाही. बहुतेक मुलांना कुणीतरी विचारलं याचं हलकंच वाटतं. प्रश्न कसा विचारता यावर मात्र बरंच अवलंबून आहे. ‘अगं, तसलं काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे, ‘नाही.’ तुम्हाला काय ऐकायचं आहे ते तुम्ही आधीच सांगून टाकलेलं असतं.

तास संपल्यावर सगळ्यांदेखत थांबवू नका. वही द्यायच्या निमित्ताने मधल्या सुट्टीत बोलवा. दार थोडं उघडं, समोरासमोर न बसता टेबलाच्या कोपऱ्याला बसा, आणि वीस मिनिटं हातात ठेवा. जे दिसलं तिथून सुरुवात करा : ‘पंधरा दिवस तू डबा खात नाहीस. वहीतल्या ओळीही मी वाचल्या. मला काळजी वाटली म्हणून बोलवलं, रागवायला नाही.’ मग थांबा. ती बोलली नाही तरी लगेच भर घालू नका. त्यानंतर : ‘इतका त्रास होतो तेव्हा काही जणांना जीव द्यावा असं वाटतं. तुला वाटतं का?’

‘हो’ आलं तर चेहरा स्थिर ठेवा. ‘असं बोलू नये’, ‘आईचा विचार केलास का?’ ही वाक्यं गिळा. पुढचे प्रश्न साधे आहेत : असे विचार कधीपासून आणि किती वेळा येतात, काय करायचं असं काही ठरवलं आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, आज, आत्ता तसं वाटतंय का. ठरवलेलं आहे, किंवा आज वाटतंय, असं उत्तर आलं तर ती मुलगी त्या क्षणापासून एकटी राहणार नाही. मुख्याध्यापकांना बोलवा, घरी फोन करा, पालक येईपर्यंत शेजारी बसा, आणि हातात हात देऊन सोपवा. रिक्षात बसवून पाठवायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बेळगावात जिल्हा रुग्णालयात म्हणजे बिम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. तातडी असेल तर ११२.

विचार येतात पण ठरवलेलं काही नाही, अशी मुलं जास्त असतात. त्यांच्यासाठी दोन-तीन दिवसांत तज्ज्ञाची भेट आणि तोवर हातात एक कागद. वहीच्या अर्ध्या पानावर, तिच्याच अक्षरात, तिच्याच शब्दांत सहा गोष्टी : त्रास वाढतोय हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटीने काय करू शकते, कुणाकडे जाऊन बसलं की लक्ष दुसरीकडे जातं, कुणाला खरं सांगू शकते (दोन नावं आणि नंबर), डॉक्टर आणि १४४१६, घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण दूर ठेवणार. तुम्ही सांगून लिहून घेतलेला कागद उपयोगाचा नाही. ‘अंगणात जाते’ असं तिने लिहिलं तर अंगणच राहू द्या, ‘प्राणायाम’ घालू नका.

आणि शपथ घालू नका. ‘आईची शपथ, असं काही करणार नाहीस’ हे आपल्याकडे फार सहज तोंडात येतं. शपथेने धोका कमी होत नाही. उलट पुन्हा विचार आला तर शपथ मोडल्याच्या शरमेने ती तुमच्याकडे यायचं टाळते.

गुपिताचं वचनही देऊ नका. सुरुवातीलाच सांगा : ‘तू सांगशील ते मी सगळ्यांना सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर ज्यांची मदत लागेल त्यांना सांगणार, आणि ते तुला सांगून सांगणार.’ बोलण्यातून लैंगिक अत्याचार समोर आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आणि घरच जर धोक्याचं असेल तर पालकांआधी १०९८ या चाइल्डलाइनला फोन.

प्रश्न : आमच्या सोळा वर्षांच्या मुलाने प्रयत्न केला. देवाच्या कृपेने वाचला, दवाखान्यातून घरी आला आहे. पोलीस जबाब घेऊन गेले. केस होईल का? शाळेत कधी पाठवू? घरात काय काळजी घ्यायची? — आई, निपाणी

केसची भीती मनातून काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याच्यावर खटला किंवा शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. दवाखान्याने पोलिसांना कळवणं आणि जबाब घेणं ही ठरलेली पद्धत आहे, तो गुन्हा नोंदवल्याचा पुरावा नव्हे. त्या भीतीने पुढच्या तपासण्या टाळू नका. घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने सगळ्यात नाजूक असतात, म्हणून पहिली भेट आठवड्याच्या आत व्हायला हवी. रोज बेळगावला जाणं शक्य नसतं. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेत तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येतात, बहुतेक ठिकाणी मंगळवारी. निघण्याआधी रुग्णालयात फोन करून वार विचारून घ्या. जास्त उपचार लागले तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. गोळ्या सुरू केल्या असतील तर ‘आता बरा दिसतोय’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरात दोन कामं आजच करा. शेतीची औषधं घराबाहेर, कुलपात, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. शेजारच्या गोठ्यात किंवा शेतातल्या खोपटात ठेवली असतील तर तिथेही तेच. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या, आजोबांच्या साखरेच्या आणि बीपीच्यासुद्धा, एका डब्यात कुलूपबंद. त्याच्या गोळ्या रोजच्या रोज तुम्ही हातात द्यायच्या. ‘आमचा असा नाही’ म्हणून हे काम राहतं. मरणाची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्या वेळात हाताला काही लागलं नाही की जीव वाचतो. कुलूप त्याला शिक्षा म्हणून नाही, हे त्याला सांगूनच लावा.

शाळा डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पाठवण्याआधी अर्धा तास मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, तुम्ही आणि तो, असे बसा. ठरवायचं एवढंच : कुणाला किती सांगायचं, बुडालेल्या अभ्यासातलं काय सोडून द्यायचं, वर्गात जीव घुसमटला तर कुठल्या एका शिक्षकाकडे न विचारता जायचं, आणि मुलांनी ‘कुठे होतास?’ विचारलं तर त्याने काय उत्तर द्यायचं. ‘आजारी होतो, आता बरं आहे’ हे पुरेसं उत्तर आहे, आणि खरं आहे. पहिला आठवडा मधल्या सुट्टीपर्यंत चालेल.

प्रश्न : आमच्या गल्लीतला दहावीतला मुलगा गेला. युवक मंडळाने चौकात मोठा डिजिटल फलक लावला. शाळेचे सर तो काढा म्हणतात. आम्हाला आमच्या मित्राचा मानही ठेवता येऊ नये? — मंडळाचा कार्यकर्ता, बेळगाव तालुका

मान ठेवण्यावर सरांचा आक्षेप नसावा, आकारावर आणि जागेवर असेल. त्या चौकातून रोज शे-दोनशे मुलं शाळेला जातात. त्यात एखादं असं असतं ज्याला वर्षभर कुणी नावाने हाक मारलेली नाही. हसरा मोठा फोटो, खाली ‘अमर रहे’, सगळ्या मित्रांची नावं. त्याला त्यात दिसतं की मेल्यावर सगळे दखल घेतात. किशोरवयात एकाच्या आत्महत्येनंतर दुसऱ्याने त्याच वाटेने जाण्याचा धोका मोठ्या माणसांपेक्षा जास्त असतो, म्हणूनच प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वर्तमानपत्रांनाही अशा बातम्या ठळक छापू नका, फोटो वापरू नका, पद्धत लिहू नका अशा सूचना दिल्या.

लावलेला फलक फाडून काढू नका, आईवडिलांच्या जिवाला लागेल. त्यांना भेटा, कारण सांगा, आणि घराजवळ लहान आकाराचा, नाव आणि तारखा एवढाच, रक्षाविसर्जनापर्यंत ठेवा. स्टेटसला त्याची शेवटची रील फिरवू नका. चौकातली ती जागा मोकळी झाली की तिथे आणि पुढे गणपतीच्या मंडपात १४४१६ चा फलक लावा. बाराव्यानंतर गर्दी ओसरते, तेव्हा त्या घरी जाणारं मंडळ उरत नाही. मित्राचा मान ठेवायला तिथे खूप वाव आहे.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीने मला सांगितलं की तिला जगायचं नाही, आणि कुणाला सांगायचं नाही असं वचन घेतलं. मी सांगितलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. — पीयूसीची विद्यार्थिनी, हुक्केरी तालुका

सांग. आजच सांग, आणि अशा मोठ्या माणसाला सांग जो लगेच उठून काहीतरी करेल. पहिल्याने ‘जाऊ दे गं, नाटकं असतात’ म्हटलं तर दुसऱ्याकडे जा, तिसऱ्याकडे जा. ती थोडे दिवस रागावेल. जिवंत असलेल्या मैत्रिणीचा राग काढता येतो.

तिलाही सांग की तू सांगणार आहेस : ‘मला हे एकटीला पेलवत नाही, मी टीचरना सांगतेय, चल आपण दोघी जाऊ.’ तोवर ती एकटी राहणार नाही एवढं बघ. तिला रात्रभर फोनवर धरून ठेवणं हे तुझं काम नाही. तू मैत्रीण आहेस, डॉक्टर नाहीस. १४४१६ तूही लावू शकतेस, दुसऱ्यासाठी फोन केलेला चालतो.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या ज्या मुलाने आत्महत्या केली त्याला मी शुक्रवारी वर्गात उभं केलं होतं. गावात माझं नाव घेतात. झोप नाही, शाळेत पाऊल टाकवत नाही. — शिक्षक, खानापूर तालुका

एका रागावण्याने आत्महत्या होत नाही. तसं असतं तर त्या दिवशी उभ्या केलेल्या प्रत्येकाचं तेच झालं असतं. जे घडलं ते तारीख-वेळेसह, जसं घडलं तसं, कागदावर लिहून मुख्याध्यापकांकडे द्या. गावात बोलण्याचं काम शाळेतर्फे एकाच माणसाने करावं, ते तुम्ही नसावं. त्या घरी एकट्याने जाऊ नका. दोन आठवड्यांत झोप आणि भूक परतली नाही, किंवा तुमच्याच मनात मरणाचे विचार आले, तर मुलांना सांगतो तेच तुम्हालाही लागू : डॉक्टर, किंवा १४४१६.

एक कडू गोष्ट मात्र शाळेने ऐकायला हवी. सगळ्यांसमोर अपमान करणं ही जर रोजची पद्धत असेल तर ती कुणाच्या मृत्यूमुळे नव्हे, एरवीच बंद व्हायला हवी. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातलेली आहे.

प्रश्न : निकालाच्या दिवशी शाळेने नेमकं काय करावं? — एसडीएमसी सदस्य, बेळगाव तालुका

काम आठवडाभर आधी सुरू होतं. मुलांना आणि पालकांना एकत्र बसवून सांगा की २०२३-२४ पासून एसएसएलसी (दहावी) आणि दुसऱ्या पीयूसीला एकाच वर्षात परीक्षेच्या एकाहून जास्त संधी आहेत, आणि त्यातले चांगले मार्क धरले जातात. हे शिक्षकांना पाठ असतं, पण कित्येक घरांत अजून ‘नापास म्हणजे वर्ष गेलं’ हाच हिशेब आहे.

निकालाची यादी ग्रुपवर टाकू नका. तीन शिक्षक फोनवर बसवा, प्रत्येकाकडे पंधरा-वीस नावं. पहिले फोन नापासांना, आणि त्यांच्याबरोबरच ज्यांना नव्वदची खात्री होती आणि सत्तर मिळाले त्यांना. ही मुलं पास म्हणून यादीत मागे पडतात आणि घरात त्याच संध्याकाळी सगळ्यात जास्त बोलणी खातात. फोन आधी पालकांना करा : ‘आज रागवायचं नाही, आज एकटं सोडायचं नाही, जेवायला बरोबर बसवा.’ मग मुलाला घ्या आणि पुढच्या परीक्षेच्या अर्जाची तारीख सांगा, ‘उद्या अकराला शाळेत ये, आपण मिळून भरू’ असं म्हणा. ठरलेली वेळ दिली की रात्र काढायला काहीतरी हाताशी राहतं. जो फोन उचलत नाही त्याच्या घरी अंधार पडायच्या आत माणूस पाठवा. आणि गुणवंतांच्या फोटोंचा फलक चार दिवसांनी लावला तरी कुणाचं बिघडत नाही.

मराठी माध्यमातून विज्ञानाला गेलेल्या मुलांसाठी हाच फोन पीयूसीच्या पहिल्या चाचणीनंतरही करायला हवा. माध्यम अचानक इंग्रजी होतं, दहावीला पहिल्या पाचात असलेलं मूल पहिल्यांदाच नापास होतं, आणि तोवर जुन्या शाळेशी त्याचा संबंध तुटलेला असतो. जुन्या वर्गशिक्षकाने सप्टेंबरच्या सुमारास एकदा ‘कसं चाललंय?’ म्हणून विचारायचं, एवढं एसडीएमसीने ठरवून दिलं तर त्याला खर्च काही नाही.